कप कोणत्या हातात होता

अकरा वर्षांत प्रेक्षकांना तिची एकही चूक सापडली नव्हती. शोधणारे कमी नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी मालिका लागायची आणि सोमवारी स्टुडिओत पत्रांचा गठ्ठा यायचा. त्यातली चार-पाच तरी ठरलेली: सून दाराकडे निघाली तेव्हा तिच्या खांद्यावर टॉवेल होता, दाराशी पोचली तेव्हा नव्हता, हे कसं काय? ती वही उघडायची, भाग काढायची, ओळ शोधायची आणि पोस्टकार्डावर उत्तर लिहायची: टॉवेल वाटेत खुर्चीच्या पाठीवर टाकला आहे, पुन्हा दाखवू तेव्हा नीट पाहावे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. दर मंगळवारी दोनशे प्रेक्षकांना बाकांवर बसवून मालिकेचा एक भाग चित्रित व्हायचा. प्रत्येक प्रवेश दोनदा करायचे आणि दोन्हींतले चांगले तुकडे जोडायचे. जोडताना सांधा दिसू नये, तर पहिल्या वेळी कप ज्या हातात होता त्याच हातात दुसऱ्या वेळीही हवा. चहा तेवढाच, बटणं तेवढीच लावलेली, चष्मा नाकावर तर नाकावर. हे सगळं लक्षात ठेवायला एक माणूस लागतं. दोन नंबरच्या कॅमेऱ्याशेजारी एका उंच स्टुलावर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ती तीन तास बसायची. वहीत प्रत्येक नटाचा एक रकाना. जे घडलं ते काळ्या पेन्सिलीने, जे घडायला नको होतं ते लाल पेन्सिलीने.

ती तिथे आली होती संहिता टाइप करायला. तिसऱ्याच दिवशी तिने दिग्दर्शकाला सांगितलं, की आजोबांचा चष्मा आपला आपण नाकावरून खिशात गेला. दिग्दर्शकाने तो तुकडा पुन्हा पाहिला, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "बाई, उद्यापासून टाइपरायटर बंद. तुम्ही नुसत्या बघत बसा." ती बघत बसली ती कायमची. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. घरात दोघंही चुका काढणारी, त्यामुळे भांडणंसुद्धा एकदम शुद्ध व्हायची, असं नवरा म्हणायचा.

स्टुडिओत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. वहीमुळे ती आधी वहीबाई झाली आणि मग मामांनी तिची वहीवहिनी केली.

मामा म्हणजे मालिकेतले वरच्या मजल्यावरचे मामा. कुटुंबाशी त्यांचं नातं काय, हे अकरा वर्षांत लेखकाने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. निवृत्त पोस्टमन, दुसऱ्यांची पत्रं बाहेरूनच ओळखणारे, दार न वाजवता घरात शिरणारे आणि समोर दिसेल तो कप उचलून तोंडाला लावणारे. सून चहाचा ट्रे टेबलावर ठेवायची आणि बरोबर त्याच क्षणी दार उघडायचं. मामा दिसायच्या आत टाळ्या पडायच्या. दार ते स्वतः उघडत नसत. ते प्लायवूडचं होतं, ढकललं की अख्खी भिंत थरथरायची. म्हणून भिंतीमागे सेटचा सुतार बसायचा, फटीतून बघायचा आणि ट्रे टेबलाला टेकला की दोरी ओढायचा. अकरा वर्षं ट्रे टेकला की दोरी, दोरी की दार, दार की टाळ्या.

प्रेक्षकांसमोर चूक मोठ्याने सांगायची नाही, असा तिथला नियम होता. हशा मोडतो. म्हणून तिचा इशारा ठरलेला होता. नटाचा हात चुकला, की ती स्टुलावर बसल्या बसल्या ज्या हातात वस्तू हवी तो आपला हात खांद्यापर्यंत वर करायची. नट डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा आणि बोलता बोलता कप या हातातून त्या हातात घ्यायचा. प्रेक्षकांना पत्ताही लागायचा नाही.

या सगळ्यात मामा सर्वांत पक्के. दहा वर्षं त्यांच्या रकान्यात लाल पेन्सिल जवळजवळ टेकलीच नव्हती. गेल्या दीड महिन्यात मात्र त्यांना इशारे द्यावे लागत होते. प्रवेश संपला की ते घाम पुसत तिच्या स्टुलाशी यायचे.

"वहीवहिनी, डावा काय नि उजवा काय, चहा पोटातच जाणार ना?"

"पोटाचं मला माहीत नाही, मामा. माझ्याकडे फक्त हाताचा रकाना आहे."

"मग एक पोटाचा काढा. त्यात तरी मी बरोबर येईन."

मामा गेले त्या बुधवारी सकाळी दहाला पुढच्या भागाचं वाचन होतं. वाचनाच्या खोलीत एक लांब टेबल, दोन्हीकडे खुर्च्या आणि भिंतीवर फोन. मामा नेहमी सर्वांत आधी येऊन बसलेले असायचे. त्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. मालिकेतली सून म्हणाली, "कालच्या हशानंतर आता फुलांची गाडी पाठवल्याशिवाय यायचे नाहीत ते." सगळे हसत असतानाच फोन वाजला. दिग्दर्शक उठला. त्याने ऐकून घेतलं, "हो" म्हणाला, पुन्हा एकदा "हो" म्हणाला आणि फोन जागेवर ठेवायला त्याला दोन वेळा प्रयत्न करावा लागला.

"मामा गेले."

"कुठे?" लेखकाने विचारलं.

त्याचा दोष नव्हता. अकरा वर्षं त्या टेबलाशी कुणी एक वाक्य टाकलं की दुसऱ्याने त्याचा विनोद करायचा, हीच सर्वांची सवय होती. दोघं-तिघं हसलेसुद्धा. आणि मग दिग्दर्शकाच्या चेहऱ्याकडे बघून ते हसू जिथल्या तिथे थिजलं. लेखक तोंड उघडं ठेवून तसाच बसला. सून म्हणाली, "असं काय बोलता? काल सात वाजता तर मला म्हणाले, उद्या भेटू." जणू हे ऐकल्यावर दिग्दर्शक आपले शब्द मागे घेणार होता.

तिने घड्याळात पाहिलं. दहा वाजून सतरा मिनिटं. हातातल्या पेन्सिलीने ते लिहूनही टाकलं आणि मग तिला कळेना, की हे कोणाच्या रकान्यात लिहायचं.

पहाटे स्वयंपाकघरात पाणी घ्यायला उठले आणि कोसळले, एवढं दुपारपर्यंत कळलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मेंदूत गाठ होती, ती फुटली.

शुक्रवारी दिग्दर्शकाने सगळ्यांना त्याच टेबलाशी बसवलं. मामांची खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. ठरलं ते असं: मंगळवारी चित्रित झालेला भाग तूर्त दाखवायचा नाही. पुढच्या मंगळवारी निरोपाचा भाग करायचा. घरातले एकेक जण मामांची आठवण काढतील, मध्ये जुन्या भागांतले तुकडे येतील आणि शेवट मंगळवारच्या त्या प्रवेशावर.

कुठला प्रवेश, हे सांगावं लागलं नाही. दार उघडलं होतं, टाळ्या पडल्या होत्या आणि मामा आत येताना उंबऱ्याला अडखळले होते. दोन पावलं तिरके गेले, टेबलाची कड पकडली, ट्रेमधले कप खळखळले आणि एक कप टेबलाच्या काठापर्यंत घसरत जाऊन थांबला. मामांनी आधी कपाकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे. अख्खं सभागृह फुटलं. तिच्या स्टॉपवॉचवर तो हशा चाळीस सेकंद भरला. अकरा वर्षांतला सर्वांत मोठा.

"संहितेत नव्हतं," दिग्दर्शक म्हणाला. "ऐन वेळी सुचलं माणसाला. शेवटच्या दिवशी! तिथेच चित्र गोठवायचं आणि तो हशा चालू ठेवायचा. लोकांना हसवत गेला, यापेक्षा चांगला निरोप कुठला?"

सुनेने डोळे पुसत मान हलवली. लेखकाने हलवली. मामी, म्हणजे मामांची बायको, पहिल्या रांगेत बसायला तयार झाल्या आहेत, असंही दिग्दर्शकाने सांगितलं. तिनेही मान हलवली. ही गोष्ट ती पुढे कधी विसरली नाही.

शनिवारी सकाळी ती आपल्या खोलीत तुकड्यांची यादी करायला बसली. खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा आणि अकरा वर्षांच्या वह्या. आधी शेवटचा प्रवेश नोंदून टाकावा म्हणून तिने चालू वही उघडली. मामांच्या रकान्यात लाल अक्षरात होतं: "उंबऱ्याला अडखळले, उजवा पाय. संहितेत नाही. हशा ४० से."

उजवा पाय. तिने सहज मागचं पान उलटलं. आदल्या भागात, लाल: "उजवी चप्पल घासत चालतात, आवाज येतो. चप्पल बदलण्यास सांगितले." त्याच्या आधी: "उजवा हात पूर्ण प्रवेशभर खिशात. कारण नाही. इशारा दिला, काढला." त्याच्या आधी पत्र उजव्या हातातून पडलं होतं आणि मामांनी त्यावर एक विनोद जोडून दिला होता. तो विनोद तिने काळ्या पेन्सिलीने लिहिला होता आणि पडलेलं पत्र लाल. अजून मागे गळ्याशी उघडं राहिलेलं बटण. आणि सर्वांत आधी, सहा भागांपूर्वी: "कप डाव्या हातात. इशारा दिला. दुरुस्त."

 तिने पुन्हा पुढून वाचलं, मग मागून. सहा आठवडे, एका माणसाची उजवी बाजू हळूहळू निकामी होत जाते, तारीखवार, भागवार, तिच्याच अक्षरात. आणि प्रत्येक नोंदीपुढे तिने काय केलं तेही लिहिलेलं. इशारा दिला. सांगितले. दुरुस्त.

तो पहिला इशारा तिला आठवला. तिने उजवा हात वर केला होता. मामांनी पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, क्षणभर, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग डाव्या हाताने कप उजव्यात बसवला, बोटं एकेक करून कपाच्या कानाभोवती मिटवली आणि वाक्य पूर्ण केलं. तिला तेव्हा एवढंच वाटलं होतं, की जरा वेळ लागला. दोन सेकंद. तेही लिहिलेलं होतं.

आणि मंगळवारी? मामांनी कपाकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे. ती नजर तिने स्टुलावरून सरळ समोरून पाहिली होती. तो टाळी मागणारा विनोदवीर नव्हता. आपण पडता पडता कसे वाचलो, हे न कळलेला घाबरलेला माणूस होता तो. त्यावर दोनशे लोक चाळीस सेकंद हसले होते आणि ती सेकंद मोजत होती.

दुपारी ती वही घेऊन दिग्दर्शकाकडे गेली. तो तुकडे बघत बसला होता. त्याने वही वाचली. उभ्या उभ्या वाचायला घेतली होती, तिसऱ्या नोंदीला तो बसला.

"हे कुणाला दाखवलंत?"

"कुणालाच नाही. साहेब, तो अभिनय नव्हता. आपण तो प्रवेश दाखवायचा नाही."

"कशावरून नव्हता?" तो एकदम उसळला. "चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेला माणूस आहे. पापणीसुद्धा ठरवून हलवायचा! तुमच्या वहीत आहे म्हणून काय तो आजार झाला?"

"माझ्या वहीत आजार नाहीये. माझ्या वहीत चुका आहेत. तेच तर झालंय ना."

त्याने वही मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, हे तुमच्या-माझ्यात राहू दे. लोकांना माहीत नाही, मामींना माहीत नाही. त्या हसतील, रडतील, घरी जातील. तुम्ही त्यांना जाऊन काय सांगणार? तुमचा नवरा सहा आठवडे आजारी होता आणि मी लाल पेन्सिल फिरवत होते?"

तिला कानफटात बसल्यासारखं झालं. कारण अगदी हेच सांगायचं होतं आणि ते इतकं नेमकं तिला स्वतःला मांडता आलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "असंच सांगते."

रात्रभर ती कुशी बदलत होती, हे नवऱ्याने नाश्त्याला सांगितलं. तिने त्याला वही वाचायला दिली. मुद्रितं तपासणारा माणूस, त्याने ओळीखाली बोट धरून वाचलं आणि एकही चूक न काढता परत दिली. "येऊ का बरोबर?" एवढंच विचारलं. ती नको म्हणाली.

मामींचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारात चपलांचा ढीग नव्हता, भेटायला येणारे येऊन गेले होते. मामी एकट्याच होत्या आणि औषधांचं कपाट रिकामं करत होत्या.

"या वहीवहिनी," मामी म्हणाल्या. "तुमची फार तक्रार असायची हो घरी. 'आज पुन्हा हात वर केला बाईने' म्हणायचे."

ती बसली नाही. बसले तर बोलणं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने उभ्यानेच सांगितलं. कप, बटण, पत्र, खिसा, चप्पल, उंबरा. मी पाहिलं, मी लिहिलं, मी सुधारायला लावलं. एकदाही विचारलं नाही, की मामा, असं का होतंय. आणि मंगळवारी शेवटी तोच प्रवेश दाखवणार आहेत. तुम्ही समोर बसलेल्या असणार आणि लोक हसणार.

मामींनी हातातली बाटली खाली ठेवली. सगळं सांगून झालं तशी ती जायला वळली.

"पहिली नोंद कधीची आहे?" मामींनी विचारलं.

तिने तारीख सांगितली.

"त्याच्या आधीपासून," मामी म्हणाल्या. "घरी आठवडाभर आधीपासून चालू होतं. कप डाव्या हाताने. जेवण डाव्या हाताने. किल्ली कुलपात जायची नाही. एकदा मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाले, सराव. मला वाटलं, मालिकेत काहीतरी तसं आहे. मामांचा हात मोडतो, असं काहीतरी." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मी हसले होते हो. म्हटलं, जमतंय की तुम्हाला, अगदी खरं वाटतं."

 ती मग बसली.  स्टुडिओत तिला वाटत होतं, घरी काही बिनसलंय, झोप होत नसेल, वय झालं. घरी मामींना वाटत होतं, हे स्टुडिओचं काम आहे. एक माणूस दोन जागांमध्ये रोज ये-जा करत होता आणि दोन्हीकडच्या बायका त्याच्याकडे अगदी बारकाईने बघत होत्या.

"त्यांना कळलं होतं का?" तिने विचारलं.

"काय माहीत. घाबरले असतील. काम जाईल म्हणून की मी रडेन म्हणून, आता कोण सांगणार." मामींनी नाक पुसलं. "डॉक्टरांनी विचारलं मला. महिन्या-दीड महिन्यात काही वेगळं दिसलं का? मी म्हटलं, छे, काहीच नाही. ठणठणीत होते."

मग मामींनी वही मागून घेतली. चष्मा लावून सगळा रकाना वाचला, काळंही आणि लालही. मध्ये एकदा पत्राच्या विनोदापाशी थांबून ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. वही मिटून परत दिली.

"तो प्रवेश नाही दाखवायचा."

"साहेब विचारतील का म्हणून."

"सांगा, त्या निळ्या शर्टात त्यांचं पोट दिसतं. मला तो शर्ट कधीच आवडला नव्हता." आणि ती दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाल्या, "खरं कारण त्याला माहीत आहे ना? मग पुरे. बाकीच्यांना कशाला."

सोमवारी तिने निरोप जसाच्या तसा दिला. "पोट?" दिग्दर्शक म्हणाला. "पोटावर तर अकरा वर्षं मालिका चालली." मग यादी तिच्यापुढे सरकवून म्हणाला, "काढा." तिने यादीतल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली. लेखकाने तासाभरात दुसरा शेवट लिहून दिला, साधाच: सून सवयीने ट्रे आणते, टेबलावर ठेवते, एक कप जास्त आहे हे तिच्या ध्यानात येतं, तो कप ती परत आत घेऊन जाते. दिवे मंद. मामांसाठी दार उघडायचं नाही, म्हणून भिंतीमागे कुणी लागणार नव्हतं. तरी सुतार म्हणाला, मी आपल्या जागेवर बसतो, मला दुसरीकडे कुठे बसायचं ते माहीत नाही. त्याला कोण नाही म्हणणार?

मंगळवारी बाकं भरली. मामी पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स धरून. जुने तुकडे पडद्यावर आले तसे लोक हसले, मामीही हसल्या. सहा भागांच्या अलीकडचा एकही तुकडा यादीत नव्हता. ते फक्त तिला, दिग्दर्शकाला आणि मामींना ठाऊक होतं.

शेवटचा प्रवेश. सून ट्रे घेऊन आली. ट्रे टेबलावर टेकला.

आणि दार उघडलं.

टाळ्या पडल्या. दोनशे माणसांनी एका दमात, दणदणीत, अकरा वर्षं वाजवत होते तशा वाजवल्या. कुणी शिट्टीही मारली. मामीही वाजवत होत्या, पर्स खाली पडली होती. दारात कुणी नव्हतं. उघडं दार, मागे रंगवलेला जिना. टाळ्या तीन-चार सेकंद जोरात चालल्या, मग मागच्या बाकांवरून विरायला लागल्या, मग मधल्या, आणि पहिल्या रांगेत कुणाचे तरी दोन हात जवळ येता येता हवेतच थांबले. सून ट्रेवर वाकलेली तशीच राहिली. तिच्या तोंडचं वाक्य आलंच नाही. कॅमेरे चालू होते.  सुनेने शेवटी मान वर केली, दाराकडे पाहिलं, जास्तीचा कप उचलला आणि आत गेली.

वहीवहिनीने स्टॉपवॉच थांबवलं. दार उघडल्यापासून एकतीस सेकंद.

नियमाप्रमाणे प्रवेश दुसऱ्यांदा व्हायला हवा होता. दिग्दर्शक वरच्या काचेच्या खोलीतून खाली आला, तिच्यासमोर उभा राहिला. ती म्हणाली, "एकदाच घेतला तर जुळवायचं काही राहत नाही, साहेब." त्याने मान हलवली. दुसऱ्यांदा घेतला नाही.

ती भिंतीमागे गेली तेव्हा सुतार जमिनीवर बसला होता. दोरीचा पीळ अजून मनगटाला होता.

"मी नाही ओढली, वहिनी," तो म्हणाला. "शपथ. ट्रे टेकला आणि हात गेला."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याच्या मनगटावरची दोरी सोडवायला बसली.

भाग शुक्रवारी दाखवला गेला. सोमवारी पत्रं आली ती पोत्याने. बहुतेक सगळी त्या दाराबद्दल होती आणि बहुतेकांना वाटलं होतं, की ते फार विचार करून केलं आहे. एकाच पत्रात, शाळकरी वळणाच्या अक्षरात, विचारलं होतं: दाराला कुणाचा हात लागलेला दिसला नाही, मग ते उघडलं कसं? ही चूक आहे का? तिने पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: होय, चूक आहे. ठेवली आहे.

मालिका आणखी दोन वर्षं चालली. ती स्टुलावरच बसायची, पण हात वर करणं तिने सोडलं. एका मंगळवारी सुनेने बशी भलत्याच हातात घेतली. तिने सगळ्यांच्या देखत प्रवेश थांबवला, ती उठून सेटवर गेली आणि तिने विचारलं, "का?" दोनशे माणसं ताटकळत बसली. "अहो, सकाळी इस्त्रीने बोट भाजलंय," सून कुजबुजली. तिने ते बोट दिव्याखाली धरून नीट पाहिलं, मगच परत गेली. दिग्दर्शकाने वरून कपाळाला हात लावला असेल, पण तिला अडवलं नाही. वहीत आता प्रत्येक नावाखाली एक जास्तीचा रकाना होता आणि त्याच्या माथ्यावर एवढंच लिहिलेलं होतं: का?

घरी नवऱ्यालाही सुटका नव्हती. रविवारी सकाळी त्याने चहाचा कप डाव्या हाताने उचलला आणि समोरून आवाज आला.

"का?"

"उजव्या हातात पेपर आहे," नवरा म्हणाला.

"पेपर खाली ठेव."

त्याने पेपर खाली ठेवला, कप उजव्या हातात घेतला आणि ती बघतेय तोवर हात न हलवता तसाच धरून ठेवला.